फाशीची शिक्षा रद्द करावी का? एका फ्लेक्सवाल्याला पडलेला प्रश्न

फ्लेक्सवाला_सांगली | ८ नोव्हेंबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचायला येतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं सांगलीत फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, निधन, अभिनंदन, सगळं छापतो. परवा रात्री साडेनवाला जवळच्या एका गावातली पाच-सहा पोरं आली. गावात वाईट घटना घडलेली, तपशील इथे नको. दुसऱ्या दिवशी मूक मोर्चा होता. 'नराधमाला फाशी झालीच पाहिजे' असे दहा बाय सहाचे चार फ्लेक्स आणि हातात धरायचे वीस बोर्ड सकाळी सातपर्यंत हवे होते.

कोरल उघडलं आणि लक्षात आलं, फाईल तयारच आहे. मागच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावासाठी केलेली. मागे काळा रंग, मधे लाल फास, कोपऱ्यात मेणबत्ती. गावाचं नाव बदललं, तारीख बदलली, 'समस्त ग्रामस्थ' तेच ठेवलं. सात मिनिटांत काम झालं. मग सहज फोल्डर बघितला तर असल्या फाईली चार निघाल्या. सगळ्यात जुनी २०१६ ची, कोपर्डीनंतरच्या मोर्च्यांच्या वेळची.

मशीन चालू होतं, पोरं बाहेर कट्ट्यावर बसली होती. त्यातलं सगळ्यात लहान आत आलं, स्क्रीनवरची जुनी फाईल बघितली आणि म्हणालं, "काका, ह्यांच्यातल्याला झाली का हो फाशी?" मला सांगता येईना.

तर प्रश्न दोन. एक, होते का खरंच? दुसरा, बऱ्याच देशांनी ही शिक्षा काढून टाकली म्हणतात, आपण काढावी का? माझं स्वतःचं मत अजून ठरलेलं नाही. फ्लेक्स मात्र छापून दिले.

हळदगोदाम | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

यात विचारायचं काय? फाशी हवीच, तीही चौकात. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं सरकारी जेवण, मग सुटून येऊन परत बांधावर उभा.

भडंगप्रेमी | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.१२

काका, चहा तरी होऊ द्या. चहाआधीच चौकात?

शुद्धलेखन_पुणे | ९ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

मागे एका मोर्च्यात 'फाशि' असं ऱ्हस्व बघितलं होतं. ते आपलंच का?

फ्लेक्सवाला_सांगली | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

आमचं नव्हे. आम्ही दीर्घच देतो.

ॲड_कराडकरीण | ९ नोव्हेंबर, दुपारी १.१५

फ्लेक्सवालेदादा, त्या पोराला सांगा, नाही झाली. फाशी सुनावणं आणि फासावर चढवणं यात फार अंतर असतं. सेशन कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अंमलात येतच नाही. (आपल्या जिल्ह्यांचं ते काम ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतं, निदान रात्रीची गाडी वाचली.) त्यानंतर सुप्रीम कोर्ट, पुनर्विचार अर्ज, राज्यपाल, राष्ट्रपती. कोपर्डीत नगरच्या कोर्टाने २०१७ ला तिघांना फाशी सुनावली, फासावर एकही गेलेला नाही. खैरलांजीत भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ ला सहा जणांना सुनावली, नागपूर खंडपीठाने २०१० ला तिची पंचवीस वर्षं केली. महाराष्ट्रातली शेवटची फाशी जुलै २०१५ ची, नागपुरात, याकूब मेमनची. देशातली शेवटची २० मार्च २०२० ला, तिहारमध्ये, निर्भया खटल्यातल्या चौघांची. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास केला. त्यात खालच्या कोर्टातल्या शंभर फाश्यांमधल्या पाचसुद्धा शेवटपर्यंत टिकत नाहीत असं दिसलं. बाकीच्यांची जन्मठेप होते, नाहीतर माणूस चक्क निर्दोष सुटतो.

हळदकाका, 'चौदा वर्षं' ही समजूत प्रत्येक चहाच्या गाड्यावर असते. जन्मठेप म्हणजे जन्मभर, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ सालीच सांगितलंय. अशा गुन्ह्यात चौदा वर्षांच्या आत सरकारला सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. चौदा झाली की दार उघडलं, असं नाही. २००८ पासून तर 'तीस वर्षं सूट नाही', 'मरेपर्यंत सूट नाही' असंही निकालात लिहिलं जातं.

हळदगोदाम | ९ नोव्हेंबर, दुपारी २.४०

वकीलताई, कायदा तुम्हाला जास्त कळतो, मान्य. पण तुकाराम ओंबळे आपल्या जावळीतल्या केडंब्याचे. त्या माणसाने नुसत्या हातांनी बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला. आता केडंब्यात जाऊन सांगा, की कसाबला जन्मभर पोसायला हवं होतं. सांगाल? आणि दहशतवादी जिवंत ठेवला की त्याला सोडवायला विमान पळवतात. १९९९ चं कंदाहार इतक्यात विसरलात?

ॲड_कराडकरीण | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

नाही सांगणार. आणि काका, या मुद्द्यावर विधी आयोगही तुमच्याच बाजूला आहे. १९६७ च्या ३५व्या अहवालात आयोगाने फाशी ठेवा म्हटलं होतं. २०१५ च्या २६२व्या अहवालात (न्या. ए. पी. शाह अध्यक्ष असताना) म्हटलं, दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे दोन सोडून बाकी सगळीकडची काढा, जन्मठेपेपेक्षा फाशीचा जास्त धाक बसतो असं दिसत नाही. पण पुढे कायदा उलट्या दिशेनेच गेला. २०१८ ला बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशी आली, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय न्याय संहितेत झुंडीने केलेल्या खुनालाही.

भडंगप्रेमी | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

सांगलीकरांचा जेलशी संबंध वेगळाच आहे. इथल्या जेलातून १९४३ ला जे पळाले ते पुढे मुख्यमंत्री झाले.

माहुलीकर_मास्तर | ९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

भडंगप्रेमी, वसंतदादांचा विनोद जुना झाला, पण चालवून घेतो.

मी साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचा. चाळीस वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा पोस्ट लांबणार, आधीच माफी मागतो. आमच्या गावचा माणूस या विषयात अडीचशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. रामशास्त्री प्रभुणे. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा प्रत्यक्ष राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. दरवर्षी मुलांना हे सांगताना माझी छाती फुगायची. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मग दिलं का सर?" नाही दिलं. राघोबा त्यानंतर दहा वर्षं जगले आणि कोपरगावी आजाराने गेले. आज फ्लेक्सवाल्यांच्या दुकानातल्या पोराचा प्रश्न वाचला आणि ती मुलगी आठवली.

दुसरी जागा साताऱ्यातला गेंडामाळ. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी तिथे सतरा जणांना मारलं. पाचांना फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी, त्यांचा मुलगा त्यांच्यात होता. चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या साताऱ्यातल्या किती लोकांना हे ठाऊक आहे देव जाणे, बहुतेकांचं लक्ष खालच्या गावातल्या दिव्यांकडे असतं. तेव्हाच्या कागदात तेही कायदेशीर शिक्षा झालेले गुन्हेगारच होते.

तिसरी गोष्ट परवाच्या ७ नोव्हेंबरची, विद्यार्थी दिवसाची. १९०० साली त्या तारखेला साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेला भिवा पुढे घटना समितीत काय म्हणाला ते वाचा. ३ जून १९४९ ला, फाशीचं अपील सुप्रीम कोर्टात न्यावं का यावर चर्चा चालू असताना, बाबासाहेबांनी सांगितलं की त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याच्या बाजूने मी आहे. हा देश अहिंसा मानतो, प्रत्यक्षात पाळत नसला तरी निदान नीतीचा दंडक म्हणून मानतो, तेव्हा ही शिक्षा पूर्णच काढणं योग्य, असा त्यांचा मुद्दा होता. घटनेत ते आलं नाही.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात सांगतो. बेकारिया नावाच्या इटालियन माणसाने १७६४ ला लिहिलं की शिक्षेचा धाक तिच्या क्रूरपणात नसतो, ती चुकत नाही यात असतो. १७८६ ला टस्कनीच्या राजाने फाशी काढली. पोर्तुगालने १८६७ ला, पश्चिम जर्मनीने युद्धात हात पोळल्यावर १९४९ ला, फ्रान्सने १९८१ ला, तेही तिथलं बहुसंख्य लोकमत शिक्षेच्या बाजूने असताना. आपल्या शेजारचे नेपाळ आणि भूतानसुद्धा त्या यादीत आहेत.

हळदगोदाम | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

मास्तर, तुमच्या पेशवाईत चोराला कडेलोट आणि हत्तीच्या पायी द्यायचे म्हणूनच वाड्याला कुलपं लागत नव्हती.

कोरेगावचा_पाटील | ९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

कोणाला कडेलोट आणि कोणाला किल्ल्यावर नुसती कैद, ते जात बघून ठरायचं, तेही सांगा की मास्तर. ब्राह्मणाला देहान्त नव्हता. म्हणून तर 'प्रायश्चित्त' म्हणायचे.

माहुलीकर_मास्तर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.५५

बरोबर आहे. सांगायला हवं होतं. राघोबाला शब्द वेगळा आणि प्रत्यक्ष खून करणाऱ्या गारद्याला वेगळा.

(यापुढचे अकरा प्रतिसाद काढले आहेत. १९४८ चा विषय इथे आणू नये, त्यासाठी जुना धागा आहे आणि तोही बंद आहे. - संपादक)

कोरेगावचा_पाटील | १० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

माझा एकच होता त्यात आणि तो सभ्य होता.

नाल_ठोकलेले_बूट | १० नोव्हेंबर, रात्री ८.३०

मी जेल खात्यातून रिटायर झालो. कुठल्या जेलातून ते नको. प्रत्यक्ष फाशी बघितली नाही, पण फाशी यार्डाची ड्युटी साडेतीन वर्षं केली. आठ खोल्या होत्या.

रात्री दोनला गस्त बदलते. रोज दोनलाच. तरी बूट वाजले की आठही जण उठून गजाशी येऊन उभे राहायचे. आम्हा शिपायांची चाल त्यांना पाठ असायची. साहेबांचा बूट वेगळा वाजतो, तो अवेळी वाजला तर कुणी मटकन बसायचा, कुणी देवाचं म्हणायला लागायचा. एकदा माझ्या टाचेला खिळा लागला होता, लंगडत गस्त घातली. सकाळी एकजण म्हणाला, "मामा, रात्री तुम्ही होता होय? आम्हाला वाटलं दुसरंच कोण आलं." मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून रात्रीला कॅनव्हासचे बूट घातले, म्हटलं झोपतील बिचारे. तर झालं उलटं. बिनआवाजाचं कोण फिरतंय म्हणून रात्रभर कुणी डोळा मिटेना. चौथ्या दिवशी परत नालवाले घातले.

त्या आठांतला एकही फासावर गेला नाही. दोन निर्दोष सुटले, एक टीबीने गेला, बाकीच्यांची जन्मठेप झाली. सुटलेल्यातला एक नऊ वर्षं तिथे होता. गेटवर सोडायला मीच गेलो होतो. रस्ता ओलांडायला घाबरत होता, मोटारसायकली फार झाल्या होत्या तोवर.

ठेवावी का काढावी ते मला विचारू नका.

भडंगप्रेमी | १० नोव्हेंबर, रात्री ८.४५

काका, यावर काही सुचत नाही. नमस्कार.

शुद्धलेखन_पुणे | १० नोव्हेंबर, रात्री ९.१०

आमच्या पुण्यात १९७६-७७ ला जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा आई संध्याकाळी सातला दाराला आतून पहार लावायची. दहा खून. जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली त्या दिवशी आमच्या वाड्यात कुणीतरी पेढे वाटले. मी तेव्हा दहावीत. पेढा खाल्ला. त्याची आजही लाज वाटत नाही, उगाच खोटं कशाला लिहू?

बाकी एक सांगा, दोर कुठून आणतात?

नाल_ठोकलेले_बूट | १० नोव्हेंबर, रात्री ९.२५

बिहारात बक्सरच्या जेलातून. कैदीच वळतात तो.

ओसाकाचा_सातारकर | ११ नोव्हेंबर, पहाटे ५.२०

बूटवाल्या काकांचं वाचून राहवलं नाही. मी नोकरीमुळे जपानात आहे. इथे अजून फाशी आहे, आणि कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात. घरच्यांना सगळं उरकल्यावर. म्हणजे रोजची सकाळ बुटांच्या आवाजाची.

हाकामादा म्हणून एकजण मिसोच्या कारखान्यात कामाला होता. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून करतात तो, आपल्या डाळीच्या पिठल्याला जवळचा समजा (माझ्या बायकोला हे पटत नाही). १९६६ ला मालकाच्या घरातल्या चौघांचे खून झाले, याला पकडला, १९६८ ला फाशी सुनावली. मुख्य पुरावा काय, तर खुनानंतर चौदा महिन्यांनी मिसोच्या टाकीत सापडलेले रक्ताचे कपडे. इतके महिने मिसोत मुरलेल्या कपड्यावर रक्ताचा डाग लाल कसा राहील, हा प्रश्न कोणत्याही घरातल्या बाईला पडला असता. कोर्टाला २०१४ ला पडला. तेव्हा त्याला बाहेर सोडलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निर्दोष ठरवलं, पुरावा बनावट होता असंही म्हटलं. थोरली बहीण सगळा जन्म त्याच्यासाठी भांडली, निकालाला ती ९१ वर्षांची होती. तो सुटला, पण एकट्या कोठडीत त्याचं डोकं कधीच गेलेलं होतं.

हळदगोदाम | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

जपानचं राहू द्या, आपल्याकडे पोलीस इतके कष्ट घेत नाहीत.

ॲड_कराडकरीण | ११ नोव्हेंबर, दुपारी २.००

घेतात काका. महाराष्ट्रातलाच खटला आहे. २००३ चा गुन्हा, अतिशय क्रूर, खून आणि बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. सुप्रीम कोर्टाने २००९ साली सहाही जणांना फाशी दिली, ज्या तिघांची हायकोर्टाने जन्मठेप केली होती त्यांनाही. २०१९ साली त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. साक्षीदाराने आधी फोटोवरून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, ते बाजूलाच ठेवलं गेलं होतं. सोळा वर्षं गेली आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. मधल्या काळात दयेचा अर्ज पटकन निकाली निघाला असता तर भरपाईचा चेक कोणाच्या नावाने काढायचा होता?

आणि दुसरा, जो मी प्रत्येक ज्युनिअरला सांगते. हरबन्स सिंग. एकाच गुन्ह्यात तिघांना फाशी, तिघांचा वाटा सारखाच. तिघांचे अर्ज सुप्रीम कोर्टात वेगवेगळ्या न्यायाधीशांपुढे गेले. एकाची जन्मठेप झाली. एकाचा अर्ज फेटाळला आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये तो फासावर गेला. तिसरा त्याच सुमारास जाणार होता, पण अगदी शेवटी कोर्टात अर्ज केला तेव्हा हे सगळं उघडकीला आलं. 'दुर्मिळातला दुर्मिळ' हे सूत्र १९८० च्या बच्चन सिंग निकालाचं, चार विरुद्ध एक. तो एक म्हणजे न्या. भगवती. त्यांचं म्हणणं हेच होतं, की फाशी होते का नाही ते गुन्ह्यापेक्षा कोणत्या न्यायाधीशापुढे गेलात यावर ठरतं, आणि बहुतेक वेळा त्यात गरीबच अडकतो. मघाच्या त्या २०१६ च्या अभ्यासातही चारातले जवळपास तीन कैदी आर्थिकदृष्ट्या पिचलेले निघाले. माझ्या अनुभवात तर पक्षकाराला आपल्या वकिलाचं नावसुद्धा माहीत नसतं.

हळदगोदाम | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

बरं, ते सहा जण वाईट झालं. मानतो. पण उलटही होतंच की. कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणी. लहान लहान पोरं पळवली, भीक मागायला, चोरीला वापरली आणि मारली. २००१ ला फाशी. २००६ ला सुप्रीम कोर्टाने कायम केली. २०२२ ला जन्मठेप. का, तर सरकारने दयेचा अर्ज सात वर्षांहून जास्त दाबून ठेवला म्हणून. तिथे चूक पुराव्यात नव्हती, फाईल हलवणाऱ्यात होती. सरकार झोपलं आणि फायदा कोणाला?

ॲड_कराडकरीण | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.५०

यावर माझ्याकडे उत्तर नाही. उशीर हीच एक शिक्षा होते, म्हणून २०१४ ला सुप्रीम कोर्टाने एकदम पंधरा जणांची फाशी कमी केली. कायदा म्हणून मला ते पटतं. पण ज्या आईचं पोर गेलं तिला ते कसं समजावणार?

कोरेगावचा_पाटील | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१०

पत्री सरकार आणा परत. क्रांतिसिंहांच्या कोर्टात तारीख नव्हती. तळव्यावर फटके बसले की विषय संपला.

माणदेशी_मेंढका | ११ नोव्हेंबर, रात्री ९.३०

पाटील, तळव्यावरनं आठवलं. आमच्या आटपाडीकडं कधी आलाय का? स्वतंत्रपूर बघितलंय?

लै जणांना म्हाईत नसतंय. औंध संस्थानचं राजं भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांच्याकडं मॉरिस फ्रीडमन म्हणून पोलंडचा इंजिनियर आलेला. त्याच्या डोक्यातनं निघालं, की खुनातलं कैदी गजाआड बसवण्यापरीस माळावर ठिवायचं, बिनभिंतीचं. १९३९ साली वसाहत काढली. जमीन कसायची, बायकापोरांसकट ऱ्हायाचं, राती हजेरी द्यायची. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' ह्याच्यावरनंच निघाला, गोष्ट लिवणारं माडगूळकर बी आमच्याच मातीतलं. आजबी ते खुलं कारागृह हाय.

माझं आजोबा बकरी घिऊन तिकडनंच जायाचं. तिथला एक कैदी त्यास्नी ताक द्यायचा. आजीला कळलं, खुनी माणसाच्या हातचं ताक पिता, म्हणून बोलली. आजोबा म्हणालं, "त्यानं एकदा मारलं ते समद्या मुलखाला म्हाईत हाय. गावातल्यांचं कुटं समदं म्हाईत असतंय?"

पळून जायाला ना भिंत ना कुंपण. तरी ऱ्हात्यात.

हळदगोदाम | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५५

तिथे निवडून निवडून पाठवतात. चांगली वर्तणूक, शिक्षेची बरीच वर्षं झालेली. नराधमाला कोणी ताक करायला पाठवत नाही.

माणदेशी_मेंढका | ११ नोव्हेंबर, रात्री १०.०२

व्हय, निवडूनच. पण निवडायला माणूस जित्ता लागतोय की.

ऋजुता_विटा | १२ नोव्हेंबर, रात्री १२.४५

तीन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या मावसभावाचा खून झाला. बांधावरून भांडण, कुऱ्हाड. इथे सगळे आरोपीबद्दल बोलताहेत म्हणून आमच्या बाजूचं सांगते. खटला नऊ वर्षं चालला. मावशी प्रत्येक तारखेला डबा घेऊन एस.टी.ने जायची, कारण बोर्डावर नाव कधी पुकारतील ते कळायचं नाही. पाच साक्षीदार होते, त्यातले तीन फितूर झाले. एक तर आमच्याच भावकीतला. नंतर तो म्हणाला, "मी एकटाच उभा होतो तिथं, समोर त्यांची पंचवीस माणसं बसलेली." मुद्देमालात भावाचं घड्याळ होतं, एच.एम.टी.चं, काकांनी बारावीला दिलेलं. निकालानंतर ते मिळावं म्हणून दोनदा अर्ज केला. अजून मिळालं नाही.

जन्मठेप झाली. आम्हालाही फाशी हवी होती, मोर्चात मीही बोर्ड धरला होता. जन्मठेप ऐकली तेव्हा मावशी रडली नाही, नुसती "बरं" म्हणाली.

मग २०२० ला करोनात कैद्यांना तात्पुरतं घरी सोडलं. आम्हाला कुणी कळवलं नाही. मावशी किराणाला गेली तर तो दुकानात साखर घेत होता. त्यानेच मान खाली घातली म्हणे. मावशी साखर न घेता परत आली. त्यानंतर आठ महिने ती त्या दुकानात गेली नाही, दीड किलोमीटर चालत पलीकडच्या वस्तीवर जायची.

फाशी काढा किंवा ठेवा. पण तो सुटून येणार असेल तर आदल्या दिवशी एक फोन करा, एवढं कोणत्या कायद्यात बसतं ते वकीलताईंनी सांगावं.

ॲड_कराडकरीण | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

ऋजुताताई, मुद्देमालाचं काम मी करते, पैसे नको. मेसेज करा. पॅरोलबद्दल लेखी अर्ज देऊन ठेवता येतो, तोही करू.

हळदगोदाम | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

ताई, मावशींना नमस्कार सांगा. चौकातलं मी उगाच बोललो. फाशीबद्दलचं मत तेच आहे.

भडंगप्रेमी | १९ नोव्हेंबर, रात्री ८.००

धागा गार पडला. फ्लेक्सवाले, तुमचं मत ठरलं का? छापलं की नाही अजून?

फ्लेक्सवाला_सांगली | ४ डिसेंबर, रात्री १०.५५

लग्नसराई होती, उशीर झाला. मत अर्धंच ठरलंय, म्हणजे फाशी फ्लेक्सवर लिहिणं सोपं आहे एवढं ठरलं.

तीच पोरं गेल्या आठवड्यात परत आली. आरोपीच्या जामीन अर्जावर सुनावणी होती, त्यांना तोच फ्लेक्स मोठा करून हवा होता, वीस बाय दहा. मी म्हटलं, करतो, पण फासाच्या जागी तारीख टाकू. 'अमुक तारीख, सकाळी अकरा, कोर्टात या, घरच्यांच्या बाजूला बसा.' ऋजुताताईंच्या त्या एकट्या साक्षीदाराचं डोक्यात होतं. पोरं म्हणाली, काका, हे कोण वाचणार? शेवटी मोठा फासवाला एक आणि तारखेचा छोटा, चार बाय तीनचा, असे दोन नेले. छोट्याचे पैसे मी घेतले नाहीत.

ऋजुता_विटा | ४ डिसेंबर, रात्री ११.१०

किती जण आले?

फ्लेक्सवाला_सांगली | ४ डिसेंबर, रात्री ११.१८

सात. मी धरून आठ. ते लहान पोरगंही होतं, शाळा बुडवून. मला साडेबाराला निघावं लागलं, दुकान बंद होतं.

ऋजुता_विटा | ४ डिसेंबर, रात्री ११.२०

आणि काम?

फ्लेक्सवाला_सांगली | ४ डिसेंबर, रात्री ११.२६

तपासवाल्यांचं लेखी म्हणणं आलं नव्हतं. १९ तारीख पडली. फाईल तशीच आहे, फक्त आकडा बदलायचा.